अण्णांचा अधिक महिना

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात प्रत्येक आळीला एक अण्णा असतातच. त्यांना विचारल्याशिवाय आळीत कुणी रिचार्ज मारत नाही. आमच्या अण्णांची हयात खोपोलीच्या कारखान्यात गेली. आता कर्जतला ओट्यावर बसून असतात. फोनच्या कव्हरात घडी घातलेला एक कागद, त्यावर घरातल्या चार, शेजारच्या तीन आणि पुण्याच्या मेहुणीच्या नंबराची संपायची तारीख. स्वतःची शुगर किती, ते काकूंना विचारून सांगतील. मेहुणीची व्हॅलिडिटी तोंडपाठ.

त्यांच्या कालनिर्णयावर ‘दूध नाही’, ‘सिलिंडर लावला’ यांच्या जोडीला लाल शाईत ‘रि.’ लिहिलेलं असतं. हा ‘रि.’ जागेवर राहत नाही. 30 जानेवारीला मारलेला रिचार्ज 27 फेब्रुवारीला पुन्हा उभा, मग 27 मार्चला, मग 24 एप्रिलला.

“तेरा अठ्ठावीस किती?” अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. “364! म्हणजे वर्षाचे महिने तेरा. पंचांगात अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, या कंपनीवाल्यांचा दरवर्षी. बरं, घरच्या जावयाला तेहतीस अनारसे दिले की तो गप्प बसतो. हा जावई रोकड घेतो!”

जानेवारी 2022मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने फर्मान काढलं, की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा. अण्णांनी ते कात्रण खिशात घातलं आणि स्टेशनाजवळच्या दुकानात गेले. पोरगा म्हणाला, “अण्णा, तो कुणी मागत नाही.” अण्णा म्हणाले, “मग मी कोण?” त्यानंतर ते कात्रण दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेलं होतं, ते बरेच महिने तसंच राहिलं.

अण्णा असे का झाले, याला इतिहास आहे. 2003 च्या आधी आलेल्या फोनलाही पैसे पडत. कर्जत महाराष्ट्र सर्कलमध्ये, मुंबईचं सर्कल वेगळं. म्हणजे लोकलमध्ये बसून मुंबईकडे निघालं, की वाटेतच रोमिंग लागायचं. कार्ड नाण्याने खरवडायचं, आकडे चष्मा लावून दाबायचे, आणि 10 रुपयांच्या टॉपअपला हातात पुरते दहा कधीच नाहीत. मिनिटावर एक सेकंद गेला की दोन मिनिटांचे पैसे. 2009 मध्ये सेकंदावर पैसे आकारायची पद्धत आली, पण तोवर अण्णांचा हात बसला होता. फोन कानाला, डोळे मनगटावरच्या घड्याळावर. आजही पन्नास सेकंद झाले की ते “बरं, मग...” सुरू करतात आणि अठ्ठावन्नाव्याला लाल बटण दाबतात. अनलिमिटेड असलं म्हणून काय झालं?

पुण्याला जाताना पळसदरी सुटली, गाडी बोगद्यांत शिरली, की रेंज जाते. बाकीचे प्रवासी चिडतात ते बोलणं तुटलं म्हणून. अण्णांना हळहळ वाटते ती वेगळीच: रेंज नाही, पण व्हॅलिडिटी चालूच!

त्यांचा खरा शत्रू म्हणजे रोजचा दीड जीबी. तो रात्री बारा वाजता वाया जातो, आणि ताटातलं टाकायचं नाही ही तर घरची शिकवण. म्हणून रात्री साडेदहाला अण्णा ओट्यावर येतात आणि हॉटस्पॉट सोडतात. आळीतली पोरं मांडी घालून रांगेत. “सावकाश घ्या, अजून आठशे एमबी आहे,” अण्णा आग्रह करत फिरतात. बाराच्या ठोक्याला शिल्लक शून्य दिसली, की तृप्त होऊन झोपायला जातात.

डिसेंबर 2024मध्ये ट्रायने पुन्हा सांगितलं: ज्याला फक्त बोलायचं आणि मेसेज करायचे, त्याच्यासाठी डेटा नसलेले प्लॅन काढा. आळीला वाटलं, अण्णांचं गाऱ्हाणं मिटलं. पण त्या रात्री ओट्यावर पोरांचं शिष्टमंडळ आलं. त्यांच्या पाठोपाठ काकूही, कारण बहिणीशी व्हिडिओ कॉल त्या अण्णांच्याच दीड जीबीवर करतात. अण्णांनी बराच वेळ कागदावर गुणाकार-भागाकार केले आणि निवाडा दिला, “बिनडेटाचं स्वस्त आहे. पण मग रात्री संपवायचं काय?”

मुलगा ठाण्याहून फोनवर म्हणाला, “अण्णा, सरळ पोस्टपेड घ्या. तारखांची कटकटच नको.”

“म्हणजे आधी बोलायचं आणि पैसे मागाहून? आपल्या घराण्यात वाण्याचीसुद्धा उधारी कुणी ठेवली नाही. उद्या कंपनीचा माणूस दारात उभा राहिला तर लोक काय...”

लोक काय म्हणतील ते मुलाला कळलं नाही. अठ्ठावन्न सेकंद झाले होते.