स्प्रिंग स्वस्त ठेवल्याबद्दल क्षमस्व

प्रति,
अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय,
वॉशिंग्टन डी.सी.

विषय : हृदयात बसवायची वस्तू आपल्याला न विचारता स्वस्त केल्याबाबत.
संदर्भ : आपल्या राष्ट्राध्यक्षांचे, त्यांच्या पहिल्या खेपेतले, काँग्रेसला पाठवलेले दि. ४ मार्च २०१९ चे पत्र.

महोदय,

स. न. वि. वि.

परवा सांगलीत मेहुण्यांची अँजिओप्लास्टी झाली. बिल हातात पडलं ते वाचून आता माझीही करावी लागते की काय, असं वाटलं. कॅथलॅब, बलून, वायर, खोली, भूल, आणखी काय काय. त्यात एक ओळ मात्र सरळ होती. स्टेंट : कंपनीचं नाव, बॅच नंबर, किंमत. कंपनी आपल्याच देशातली. रांगेतले एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "आमच्या अण्णांना पंधरा साली टाकली, तेव्हा नुसत्या स्प्रिंगचे सव्वा लाख मोजले होते." तेव्हा आठवलं की याच ओळीपायी आपण आमच्यावर ठपका ठेवला होता. क्षमा मागायची राहून गेली होती, म्हणून हे पत्र.

गुन्ह्याची तारीख १४ फेब्रुवारी २०१७. जग एकमेकांना कागदी हृदयं वाटत होतं आणि आमच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने खऱ्या हृदयात बसवायच्या वस्तूचे भाव बांधून टाकले. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार होती. ऑगस्टात गुडघ्याच्या सांध्यांचेही भाव बांधले. आपल्या उपकरण कंपन्यांच्या संघटनेला हे सहन झालं नाही. तिने आपल्याकडे अर्ज केला आणि एप्रिल २०१८ मध्ये आपण आमची चौकशी लावली : भारत अमेरिकी मालाला रास्त बाजारप्रवेश देतो का?

प्रवेश? महोदय, आपला स्टेंट आतच होता. आमच्या विमानतळावर उतरला होता, रुग्णालयाच्या कपाटात होता, आमच्या माणसांच्या रक्तवाहिन्यांत होता. याहून आत कुठे घ्यायचा? दार सताड उघडं होतं. आपल्याला हवा होता तो मनाला येईल तो भाव लावायचा हक्क. आणि गिऱ्हाईक कोण, तर टेबलावर आडवा पडलेला माणूस, ज्याच्या मनगटातून तार आत गेलेली आहे. बाहेर त्याच्या बायकोला बोलावून विचारतात, "साधी टाकायची की इंपोर्टेड?" ती काय घासाघीस करणार? ती भावाला फोन लावते. बाजारात गिऱ्हाईक पिशवी उचलून पुढच्या दुकानात जाऊ शकतं. हिने नवऱ्याला टेबलावरून उचलून कुठे न्यायचं?

खरी गंमत पुढेच आहे. ते लाख-सव्वा लाख सगळे आपल्या कंपन्यांकडे येतच नव्हते. प्राधिकरणाने आकडे मांडले तेव्हा कळलं की सगळ्यात मोठा घास रुग्णालयांचा होता. नफा काही ठिकाणी साडेसहाशे टक्क्यांपर्यंत. म्हणजे जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचं व्यापार खातं आमच्या रुग्णालयांच्या मलिद्यासाठीही लढत होतं! एवढा जीव तर आमच्या आरोग्य खात्यालाही कधी लागला नाही. ज्यांनी मरणाच्या दारात उभ्या माणसाकडून असा नफा उकळला, त्यांची लाज आम्हालाच आहे. ती आम्ही इथेच निस्तरू. पण निस्तरायला घेतलं, तर आपण मध्ये पडलात आणि म्हणालात, हा व्यापारातला अडथळा.

आमचं सरकार काही फार ताठ होतं असं नाही. किंमत बांधण्याऐवजी व्यापाऱ्यांच्या नफ्याला मर्यादा घालू, इथवर ते तत्त्वतः आलं होतं. आपल्या चेरी घेऊ, डुकराचं मांस घेऊ, वाळवलेला लसूणघासही घेऊ म्हणालं. हार्ले-डेव्हिडसनवरचं शुल्क ७५ टक्क्यांवरून ५० वर आधीच आणून झालं होतं. तरी आपलं तोंड वाकडंच.

मग वर संदर्भात दिलेलं पत्र निघालं आणि आपण आहेर परत नेलात. जीएसपी नावाची सवलत आपण १९७६ पासून गरीब देशांना देत होतात. ठरावीक माल शुल्काशिवाय आपल्या बंदरात उतरायचा, आणि शेवटी शेवटी तिचा सर्वाधिक लाभ भारत घेत होता. या कल्पनेचा ठराव झाला तो आमच्याच दिल्लीत, १९६८ साली, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेत. आणि बदल्यात काही मागायचं नाही हे त्याचं तत्त्वच होतं. आपण १९७४ चा कायदा करताना बाजारप्रवेशाची अट मात्र त्यात घुसवलीत. 'परतीच्या आहेराच्या बोलीवर' असं पाकिटावर लिहिणारा मामा आमच्या लग्नांत अजून तरी दिसलेला नाही. ३० मे २०१९ ला आमच्या पंतप्रधानांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली, ३१ मे ला आपल्या अध्यक्षांनी सही ठोकली, ५ जूनपासून आमची सवलत बंद. शुभेच्छांची ही पद्धत आम्हाला नवीन होती.

दुधाबद्दलही आपली तक्रार होती. आमची अट एवढीच की ज्या गाईंचं दूध-लोणी पाठवाल, त्यांना रक्ता-मांसाचं खाद्य कधी घातलेलं नाही, असा दाखला द्या. या अटीची टिंगल करणारं एक खुसखुशीत वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलं. कारण २०१९ या एका वर्षात आपल्या विस्कॉन्सिन राज्यात आठशेहून जास्त दुधाचे गोठे बंद पडले. दुभत्या गाई लिलावात उभ्या करणं काय असतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको. आदल्या वर्षीच्या जुलैत आमच्याकडे लिटरमागे पाच रुपये थेट खात्यात मिळावेत म्हणून शेतकरी दूध रस्त्यावर ओतत होते. तिकडे दुधाला भाव नाही, इकडेही नाही. आणि तिकडच्याला आपण सांगितलंत की तुझं पोट इकडच्याने अडवलंय. त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवलाही असेल. त्याला निदान खरं सांगा : इथे दोन-तीन जनावरांवर प्रपंच करणारी कोट्यवधी घरं किटली घेऊन आधीच रांगेत उभी आहेत. त्याला वाचवायचा उपाय त्याच्याच देशात शोधावा लागेल.

आता हिशेब. आमच्या वाणिज्य खात्याच्या म्हणण्याप्रमाणे या सवलतीतून शुल्काची बचत व्हायची ती वर्षाला १९ कोटी डॉलरची. शुल्क भरतो आयातदार, म्हणजे आपलाच माणूस. आपल्याच आयातदारांची संघटना ओरडत होती की भुर्दंड वर्षाला ३० कोटी डॉलरहून जास्त आम्हाला बसणार. तो काय करतो? इकडे मेल टाकतो : भाव उतरवा, नाहीतर थायलंडकडे जातो. ते मेल वाचतो पाने-हातोड्या, मोटारींचे सुटे भाग, पर्सा, खोटे दागिने बनवणारा लहान कारखानदार. त्याने कधी स्टेंट बनवला नव्हता, विकला नव्हता, त्याचे भावही बांधले नव्हते. पेढीवर चोरी कुणी केली आणि फटके कुणाला!

पुढे ३१ डिसेंबर २०२० ला ती सवलत सगळ्याच देशांसाठी संपली. आपल्या काँग्रेसला मुदतवाढ द्यायला सवड झाली नाही. आणि २०२५ च्या ऑगस्टात आपण आमच्या मालावर थेट ५० टक्के शुल्क लावलंत, निम्मं तर आम्ही रशियाचं तेल घेतलं म्हणून. त्या मानाने २०१९ चं आपलं वागणं फारच सभ्य म्हणायचं.

मागणं एकच आहे. मोटारसायकलींवर बोला, बदामांवर बोला, सफरचंदांवर बोला. तिथे आमचेही हात बरबटलेले आहेत, देणं-घेणं होऊ शकतं. पण टेबलावर झोपलेल्या माणसाला त्यात ओढू नका. स्टेंटची किंमत बांधलेलीच राहिली पाहिजे, असं आम्ही आमच्या सरकारलाही बजावतो आहोत, कारण खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा भरवसा त्याचाच कमी वाटतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एका हृदयरुग्णाचा मेहुणा

ता.क. : लसूणघास पाठवायचा झाल्यास आधी भाव कळवा. आमच्याकडे तो मळ्यातच उगवतो.