तुरीच्या डाळीतून चंद्र

पक्ष्यांचे फोटो काढायचे तर ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स हवी, असं नांदेडच्या एका जाणकार मित्राने बजावलं. किंमत दहा लाखांच्या पुढे. तेवढ्यात आमच्याकडे मांडवासकट लग्न उरकतं. मी जुना निकॉन पी९०० घेतला. २०१५ सालचं मॉडेल, ८३ पट झूम, थेट २००० मिलिमीटर!

"खरी लेन्स ३५७ मिलिमीटरचीच," मित्राने हवा काढली. "आतला सेन्सर सहा बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. एवढ्याशा खिडकीतून बघितलं की दोन हजाराचा भास होतो."

भास तर भास. होळी झाल्यावर लातूरला निघालो, पण आधी विष्णुपुरीच्या धरणावर गेलो. गोदावरीच्या पल्याड बगळा. झूम ताणला. मी श्वास घेतला की बगळा परभणी जिल्ह्यात, सोडला की परत नांदेडात. श्वास रोखला, तर तोवर ऊन चढलेलं. तापलेल्या हवेत बगळा अंगात आल्यासारखा घुमू लागला. मागून एक मेंढपाळ म्हणाला, "काय बघायलाव?"

"बगळा."

"मग जवळ जावा की!"

लोह्याहून वाट वाकडी करून कंधारला गेलो. किल्ल्याच्या खंदकाकाठी खंड्या बसलेला, हलायचं नाव नाही. पण दिवस कलला होता, आणि डाळीएवढ्या सेन्सरवर उजेड तो किती पडणार? फोटोत खंड्या उपम्यात पडल्यासारखा रवाळ आला.

रात्री अहमदपूरच्या लॉजच्या गच्चीवर मात्र कॅमेरा पैसे फेडायला लागला. कठड्यावर टेकवून टिपलेल्या चंद्राची विवरं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. मॅनेजर धावत वर आला, "कुणाच्या घरावर रोखलाय?" चंद्र दाखवला, तेव्हा खाली जाऊन पोरांना घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी लातूर. १९१७ ची गंजगोलाई बाजारपेठ, सोळा रस्ते येऊन मिळणारी. चंद्र पकडणाऱ्या कॅमेऱ्यात गोलाई काही मावेना. मागे सरकत सरकत एका डाळीच्या पोत्यावर आदळलो. दुकानदाराला खूश करावं म्हणून तुरीचा एक दाणा उचलून म्हणालो, "मामा, या कॅमेऱ्याची सगळी करामत एवढ्याशा डाळीवर चालते."

मामांनी तराजू पुढे ओढला. "एका दाण्यात वरण व्हतंय व्हय? किलोभर घ्या की!"