अजून एक प्रूफ

आमच्या मजल्यावरच्या काकांना कुणी "चित्रकार" म्हटलं की ते ताबडतोब दुरुस्ती करतात, "चित्रकार नाही. प्रिंटमेकर." त्यावर समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे झेरॉक्स?" असं विचारणाऱ्याला काका चहा पाजतात आणि पाऊण तास सोडत नाहीत.

सध्या त्यांच्याकडे लगीनघाई आहे. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळालीय. तीही ऐन पावसाळ्यातली, आणि तेलाची शाई पावसाळ्यात वाळता वाळत नाही. हॉलभर दोऱ्या बांधल्यात, दोऱ्यांना चिमटे, चिमट्यांना निळ्या-काळ्या चौकटी-त्रिकोणांचे कागद. पाहुण्यांनी कमरेत वाकूनच आत यायचं. दूधवाला हल्ली उंबऱ्याबाहेरूनच हाक मारतो.

काका लिनोकट करतात, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर नक्षी कोरून तिचा ठसा कागदावर घेतात, आणि तोही सगळे रंग एकाच तुकड्यावरून. आधी पिवळा छापायचा. जिथे पिवळा राहायला हवा तेवढा भाग कोरून काढायचा आणि उरलेल्यावरून निळा छापायचा. पुन्हा कोरायचं, मग काळा. पिकासोनेही १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत वापरली होती, हे काका अशा थाटात सांगतात की पिकासो बी विंगमध्ये राहायला होता असंच वाटावं. यातली गोम अशी की एकदा कोरलं की मागचा रंग परत छापता येत नाही. म्हणजे प्रती किती काढायच्या ते पहिल्याच दिवशी ठरवायचं. आणि ठरवणार कोण, तर भाजीवाल्यासमोर पाव किलो की अर्धा किलो यावर मागे रांग लावणारे आमचे काका! वीस कागदांनी सुरुवात होते. एक सरकतो, एकावर अंगठा उमटतो, एक पंख्याखाली उडून ओल्या शाईवर पालथा पडतो. शेवटी बारा उरतात. त्यांच्याखाली पेन्सिलीने १/१२, २/१२ असे आकडे पडतात, आणि बाराच्या बारा अगदी सारख्या आहेत याची ग्वाही काका शपथेवर देतात.

यात घर कामाला लागतं ते वेगळंच. लिनो गरम केला की मऊ कोरला जातो, म्हणून इस्त्री गेली. प्रेस नाही, तेव्हा कागदाच्या पाठीवर घासायला वरणाची पळी गेली. काकूंनी दुसरी आणली, तिची पाठ जास्त गुळगुळीत निघाली, म्हणून तीही गेली. "मी हल्ली वरण वाटीने वाढते," काकू म्हणतात. तक्रारीच्या सुरात म्हणतात खऱ्या, पण आलेल्या प्रत्येकाला दोरीवरचा कागद कुठून बघायचा ते दाखवतात त्याच.

"काका, झालं का?"

"झालंच. अजून एक प्रूफ."

हे "झालंच" मी गणपतीपासून ऐकतोय.

त्यांच्याबरोबर कुठे जायची मात्र सोय नाही. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे नवरानवरीचे फोटो काढतात, हे फरशीचे. खिडकीचं ग्रिल, फुटपाथचे पेव्हर ब्लॉक, पुढे बसलेल्या बाईंच्या खणाच्या ब्लाउजची पाठ... या शेवटच्या प्रकारात काकूंना मध्ये पडावं लागलं होतं. आणि मग तो सिद्धान्त: सपाट जागेवर दोन दिशांना पसरत जाणारी नक्षी कितीही काढा, तिच्या पुनरावृत्तीचे प्रकार सतराच. १८९१मध्ये फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ते सिद्ध केलं. "अठरावा नाही!" काका दरडावतात. कुणी मागितलेला नसतो.

एवढी शिस्त, पण प्रत्येक प्रिंटमध्ये ते एक घर मुद्दाम चुकवतात. कुठे त्रिकोण उलटा, कुठे ठिपका गाळलेला. डोळा तिथे अडखळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अडखळत कुणी नाही. लोक लांबूनच "छान, सतरंजीला चांगलं दिसेल" म्हणतात आणि समोशाकडे वळतात.

मागच्या प्रदर्शनात मात्र एक आजी प्रिंटला नाक लावून उभ्या राहिल्या. जन्मभर ठिपक्यांची रांगोळी काढलेला हात. बोटाने हवेतल्या हवेत ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथला एक ठिपका सुटलाय तुमचा."

काकांचा चेहरा असा उजळला की विक्री झाली असं समजून काकू पावतीपुस्तक घेऊन धावल्या.

"पेनाने भरून टाका," आजींनी दिलासा दिला. "कुणाला कळायचं नाही."

काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि सतराही प्रकार समजावले. आजींच्या तीन लोकल गेल्या.