चिरंजीवांनी वस्तरा हाती घेतला

ड्युसेलडॉर्फ,
रविवार सकाळ (बाथरूम अडलेलं आहे)

ती. स्व. आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. थंडी ओसरली, खिडकीतल्या कुंडीत कोथिंबीर वर आली, अन्वीचा पुढचा दात पडला.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "मंदारच्या हनुवटीला कागद कसला गं चिकटलाय?" आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं. मंदारने फोन पालथा घातला होता. तो कागद टिश्यूपेपरचा होता. त्याखाली काय होतं, ते सांगायला हे पत्र. फोनवर बोलायचं तर आरोपी शेजारीच बसलेला असतो.

तुमच्या चिरंजीवांनी वस्तरा घेतला आहे.

बाबा, दचकू नका. आबांची दाढी करायला धोपटी घेऊन घरी यायचे, त्या नानांच्या वस्तऱ्याची ही जात नव्हे. तो चामड्याच्या पट्ट्यावर सटासट घासायचा, अधूनमधून दगडावर लावायचा, आणि ओला राहिला की गंजायचा. हा आपल्या मारुती रोडवरच्या सलूनमधला. दांड्याला खाच, खाचेत ब्लेड, काम झालं की ब्लेड काढून टाकायचं. एड्सच्या जाहिराती सुरू झाल्यापासून खुर्चीत बसताबसता "नवीन ब्लेड टाका हं" असं आपण ज्याच्याबद्दल बजावतो, तोच. सांगलीत असताना मंदारने त्याच्याकडे कधी धड पाहिलं नाही (पाहणार कसा, मान न्हाव्याच्या हातात). तीच वस्तू इथे युरो मोजून, मखमली डबीत बसून घरी आली.

सुरुवात झाली काटकसरीतून. इथल्या दुकानांत पाच-पाच पात्यांची कार्ट्रिजं चोरीच्या भीतीने प्लास्टिकच्या डब्यांत कुलूपबंद ठेवलेली असतात. किंमत वाचल्यावर कुलूप चोरांसाठी आहे की गिऱ्हाइकांसाठी, तेच कळत नाही. मंदारने रीतसर एक्सेलमध्ये तक्ता मांडला. साधं दुधारी ब्लेड काही सेंटला पडतं. ते कागदात गुंडाळलेलं असतानाच मधोमध वाकवलं की कट्कन दोन तुकडे होतात आणि वस्तऱ्याला अर्धाच तुकडा लागतो. म्हणजे एकाच्या भावात दोन! शेवटच्या रकान्यातली बचत पाहून त्याला भरून आलं. त्यात वस्तरा, ब्रश, साबण, वाटी, लोशन आणि सोलिंगनची तिकिटं धरलेली नाहीत, हे मी लक्षात आणून दिलं. "तो भांडवली खर्च असतो," असं मला सांगण्यात आलं.

हो, सोलिंगन. आमच्याकडून एस १ लोकलने अर्धा तासही लागत नाही. पात्यांचं शहर म्हणून मिरवणारं हे गाव. १९३८ पासून तर कायदाच आहे की त्या परिसरात न घडलेल्या सुरी-कात्रीवर 'सोलिंगन' हा शिक्का मारायचा नाही. आपल्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये. या लोकांनी ऐंशी वर्षं आधीच आपलं नाव बांधून ठेवलं. बाबा, तुम्हाला आवडेल असं तिथे एक आहे. वरच्या तारांना दांड्या लावून धावणारी ट्रॉलीबस. लहानपणी काकांकडे मुंबईला गेल्यावर गवालिया टँकला तुम्ही पाहिलेली ती १९७१ मध्ये बंद पडली, इथली अजून चालू आहे. ग्रेफ्राथ भागातल्या एका जुन्या मठात पात्यांचं संग्रहालय आहे. अन्वी तलवारींपाशी रमली, मी काट्या-चमच्यांपाशी, आणि मंदारचं लक्ष बाहेर दुकान कधी बंद होतं याकडे. डोव्हो ही तिथली १९०६ची कंपनी. 'शावेट' हे तिने आपल्या मालाला दिलेलं नाव आता असल्या कुठल्याही वस्तऱ्याला चिकटलंय, आपल्याकडे डालड्याचं झालं तसं.

वस्तरा आला, पण हात कुठून आणायचा? मंदारने यूट्यूबवरून गुरूपदेश घेतला आणि अन्वीच्या वाढदिवसातले उरलेले फुगे काढले. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फुटता तो वस्तऱ्याने उतरवायचा. न्हावीकाम शिकणाऱ्यांना खरोखरच असा सराव देतात, असं तो शपथेवर सांगतो. आई, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तुमचा इंजिनिअर मुलगा फुग्याची दाढी करतोय, शेजारी अन्वी कानात बोटं घालून उभी आहे, आणि दर थोड्या वेळाने फट्! खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला वर आल्या. इथे रविवारी आवाज करायचा नसतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तो भाडेकरू असला तर काय होतं हे म्हण रचणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मग फुगे संपले आणि गाल सुरू झाले. टिश्यूपेपर त्याच काळातला.

शेवटी कोपऱ्यावरच्या तुर्की न्हाव्याला दया आली. इकडे तुर्कांची सलूनं गल्लोगल्ली, आणि त्यांच्या हातात हाच अर्ध्या ब्लेडचा वस्तरा. त्याने मंदारला खुर्चीत बसवून शिकवलं. आधी गरम पाण्याने दाढी चांगली भिजू दे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धर. पातं गालाशी तीस अंशांच्या आसपास ठेव, उभं केलंस की कापेल. केस वाढतात त्याच दिशेने चल, उलटा हात सुरुवातीला नको. आणि दाबू नको! नानांचा वस्तरा वजनदार होता, अर्धं काम त्या वजनानेच व्हायचं. हा फुलाएवढा हलका, म्हणून शिकाऊ माणूस जोर लावतो आणि अर्ध्या ब्लेडचा कोपरा बरोबर हनुवटीच्या वळणावर डाव साधतो. एवढं सांगून त्याने मंदारची उरलेली दाढी चहा निवायच्या आत उरकली. माझ्या मते विषय तिथेच मिटायला हवा होता.

पण वरच्या मजल्यावर जपानी काका राहतात. ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी वस्ती मोठी आहे, आणि त्यांच्याकडेही गिफू प्रांतात सेकी नावाचं पात्यांचं गाव आहे. त्यांनी फेदर कंपनीच्या ब्लेडची माहिती पुरवली. ही ब्लेडं अर्ध्या ब्लेडपेक्षा जाड आणि ताठ, एका प्रकाराला तर धारेवर बारीक तारेचं कुंपण. नवशिक्याला उत्तम. फक्त ती सोलिंगनच्या दांड्यात बसत नाहीत. त्यांना दांडा वेगळा लागतो. म्हणून आता घरात वस्तरे दोन आहेत आणि एक्सेलचा तक्ता तेव्हापासून उघडलेला नाही.

उगाच नावं ठेवत नाही, गुणही सांगते. मंदारच्या मानेवर त्या सारख्या पुळ्या उठायच्या, आठवतं ना? आई, तुम्ही चंदन उगाळून लावायचात. त्या गेल्या. अनेक पात्यांचं कार्ट्रिज केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापतं आणि कुरळा केस वाढताना आतच वळतो. एकच पातं असलं की ते फारसं होत नाही. फेसही अडकत नाही, नळाखाली धरला की वस्तरा स्वच्छ. पण वेळ! घरात बाथरूम एक, अन्वीची शाळा आठला, आणि साहेब आरशासमोर गाल फुगवून कोन मोजतायत. एका सोमवारी मी त्याची बिनपाण्याने केली. तेव्हापासून कामाच्या दिवशी जुनं कार्ट्रिज आणि वस्तरा फक्त शनिवार-रविवारी, असा तह झाला आहे.

"प्रवासाला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. चार्जर नको, पट्टा नको, दगड नको. मिटला की खिशात मावतो, आणि दुधारी ब्लेड जगात कुठेही मिळतं. तेही खरंच. हे ब्लेड बाजारात आणणाऱ्या किंग कॅम्प जिलेट यांचे १९०३ मध्ये जेमतेम ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली गेली होती, आज पोर्तुगालमधल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही पाकीट मिळतं. हे मला माहीत आहे, कारण लिस्बनला उतरल्यावर आमचं पहिलं काम ते विकत घेणं हेच होतं. सोबत नेलेलं पाकीट विमानतळावरच्या तपासणीत गेलं. स्वस्तातल्या विमानाला बॅग एकच, ती केबिनची, आणि सुटं ब्लेड केबिनमध्ये चालत नाही. कार्ट्रिजचा रेझर चालतो. मंदारने तपासणीच्या साहेबाला धार, कोन आणि अर्धं ब्लेड यांवर व्याख्यान दिलं. साहेबाला छातीपर्यंत दाढी होती. त्याने रिकामा दांडा तेवढा परत दिला. आता आमची पद्धत ठरली आहे. गावात उतरायचं, ब्लेडचं पाकीट घ्यायचं, एक वापरायचं आणि उरलेली परतीच्या आधी यजमानांना दान करायची.

वापरलेली ब्लेडं कुठल्या डब्यात टाकायची यावरही घरात परिसंवाद झाला. पिवळा डबा वेष्टनांचा, आणि ब्लेड हे वेष्टन नव्हे. तेव्हा कॉफीच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून त्यात साठवतो. भरला की चिकटपट्टीने बंद करून उरलेल्या कचऱ्यात.

तर मे महिन्यात तुम्ही दोघं येताय तेव्हाचं सांगते. बाबा, मंदार पहिल्याच सकाळी तुम्हाला खुर्चीत बसवून "बघा तर खरं" म्हणेल. प्रेमाने नाही म्हणा. अगदीच मागे लागला तर "तुर्काकडे जाऊ" म्हणा, मी पैसे देते. येताना किराणा दुकानातून तुरटीचे चांगले दोन खडे आणा, इथे तीच तुरटी गुळगुळीत वडी करून सोन्याच्या भावाने विकतात. आबांची पितळी वाटी माळ्यावर असली तर तीही आणा, त्याने फार आठवण काढली आहे. आणि त्याने तुम्हाला गुपचूप सांगितलेली ब्लेडची पाकिटं (मला माहीत आहे, बाबा) मोठ्या चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत मुळीच ठेवू नका.

आपली,
सूनबाई