माथेरानातील कबजा

चिंचपोकळीच्या ज्या चाळीत माझा जन्म झाला तेथे निद्रा ही शेवटच्या आणि पहिल्या लोकलच्या दरम्यान उरकून घ्यावयाची बाब असल्यामुळे, "चार दिवस हवापालट करा, डोक्याला ताण नको" असा डॉक्टरांचा हुकूम सुटताच सौभाग्यवतीने, रुखवतातल्या, स्वतःचे माहेरचे नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात चिवडा भरून माझी एकट्याची रवानगी माथेरानास केली.

ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला आणि आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ साली नेरळहून वर चिमुकली आगगाडी आणली. दोघांचाही मी ऋणी आहे. दस्तुरीनाक्यापलीकडे मोटारींना मज्जाव असल्याने तांबड्या धुळीतून पायी जावे लागते, त्याबद्दल मात्र कोणाचाच ऋणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्नान उरकून, केवळ पंचा नेसून, लाकडी खोलीच्या ओसरीत डोळे मिटून मी दीर्घश्वसनास बसलो असता, सदतिसाव्या श्वासाला पाठीमागे दार आपटले आणि आतली कडी आपसूक पडली. खिडकीतून पाहतो तो एक माकडीण, पोटाशी पिलू घेऊन, माझ्या खाटेवर डबा मांडीत धरून बसलेली! प्रथम शेंगदाणे, मग खोबऱ्याचे काप अशा क्रमाने तिने समाचार घेतला. मिरचीचे तुकडे तेवढे वेचून माझ्या उशीवर ठेवले.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्रछायेत वाढलेल्या मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : आत शिरलेल्यास बेदखल करणे हे एका पिढीचे काम नव्हे. आमच्या घरमालकाचे तीर्थरूप असल्याच एका फिर्यादीत निवर्तले.

"शेठ, दार उघडं टाकून ध्यान करता व्हय?" राखणदार म्हणाला. "आता पोट भरल्याबिगर ती हलायची न्हाई."

घोड्यांवरून चाललेल्या एका गुजराथी कुटुंबाने त्या दिवशीचे पहिले प्रेक्षणीय स्थळ म्हणून माझ्याकडे बोट दाखविले. ते गेले, आणि इतकी शांतता पसरली की मला उगीच वडील आठवले. १८ जानेवारी १९८२ला गिरणगावातला संप सुरू झाला. भोंगा वाजेनासा झाला, तरी ते पहाटे त्याच वेळी उठत आणि अंधारात खाटेच्या कडेवर, हात गुडघ्यांवर ठेवून, बसून राहत. सूतखात्यात वर्षानुवर्षे कापसाचा फुफाटा छातीत भरून घेतलेल्या त्या माणसाला हवापालट सुचविणारा डॉक्टर आम्हांस भेटला नाही.

पिलाने एवढ्यात दाणा गिळला की कोण जाणे, खोकू लागले. माकडिणीने डबा सोडून त्याला उराशी घट्ट धरले, आणि मी दगड उचललेला हात खाली घेतला. हा क्षमाभाव तिने ओळखला नाही. पिलू सावरताच ती डब्यासह मागच्या खिडकीतून पसार झाली.

शार्लट तलाव आणि लुईझा पॉइंट पाहिले, चांगले आहेत.

घरी पाऊल टाकताच विचारणा झाली, "अहो, झोप लागली का?" आणि माझे उत्तर पुरे होण्याआधीच, "डबा कुठंय?"

मी साद्यंत हकिकत निवेदन केली, लेखी पुरावा आपल्या बाजूचा असूनही कबजा प्रतिपक्षाकडे कसा गेला तेही कायद्याच्या आधाराने समजावले, आणि अखेर पिशवीतून झाकण काढून पुढे केले. त्यावर नाव शाबूत होते.