कृपया झाडाने हलू नये

दुपारी बारा ते तीन ही फोटोग्राफीला सगळ्यात वाईट वेळ, असं सगळे जाणकार सांगतात. म्हणूनच मी इन्फ्रारेडकडे वळलो. कोवळं ऊन टिपायचं तर पहाटे उठावं लागतं आणि मावळतीच्या उन्हाला गर्दी फार. इन्फ्रारेडवाल्याला मात्र सूर्य डोक्यावरच हवा. कचेरीच्या वेळेत करता येण्याजोगी एवढी एकच कला मला सापडली, आणि ती आमच्या वॉर्डात दुसरं कुणी करत नाही हे कळल्यावर तर माझी निष्ठा फारच वाढली.

पान जेवढा हिरवा उजेड परत पाठवतं, त्याच्या कितीतरी पट इन्फ्रारेड परत पाठवतं. हरितद्रव्याला त्या किरणांशी काही देणंघेणं नसतं. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांवर आपटून ते माघारी फिरतात. त्यामुळे फोटोत झाड पांढरंशुभ्र येतं आणि निळं आकाश काळंकुट्ट. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले. मी त्यांच्यानंतरचा, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो.

वुडसाहेबांकडे फिल्म होती. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आहे आणि त्याच्या सेन्सरसमोर कंपनीनेच एक काच बसवलेली असते, इन्फ्रारेड अडवायला. मी लेन्सवर दुसरी, काळी काच लावतो. ती ७२० नॅनोमीटरच्या पलीकडचं तेवढं आत सोडते, अलीकडचं सगळं अडवते. म्हणजे बाहेरचा रखवालदार फक्त इन्फ्रारेडला आत घेतो आणि आतला इन्फ्रारेडलाच हाकलतो. दोघांचा डोळा चुकवून जे काही आत सरकेल, त्यावर माझी कला चालते. त्यामुळे रणरणत्या उन्हातसुद्धा शटर अर्धा मिनिट, मिनिटभर उघडं ठेवावं लागतं. पुढे तेवढाच वेळ कॅमेरा डोळे मिटून स्वतःच्याच चुका वजा करत बसतो. हा गुण मला त्याच्याकडून उचलता आलेला नाही.

मिनिटभर झाड हलता कामा नये. इथे वड आणि पिंपळ यांच्यातला फरक कळतो. वडाचं पान जाड, चामड्यासारखं, आखूड देठाचं. बस म्हटलं की बसतं. पिंपळाचा देठ लांब आणि लवचीक, त्यामुळे वारा नसला तरी पान सळसळतंच. माझ्या पिंपळाच्या फोटोत पानं नसतात, फांद्यांवर पांढरा धूर असतो. पिंपळावर मुंजा राहतो असं आजी सांगायची, तेव्हा आम्ही हसायचो. आता मी तिला पुरावा दाखवू शकलो असतो.

पण झाडं परवडली. ट्रायपॉड उभा केला की माणसं जमतात, आणि त्यांच्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावं. पहिला येतो तो स्कूटर थांबवून, एक पाय जमिनीवर टेकून विचारतो, “न्यूजवाले का?” नाही म्हटलं की निराश होऊन जातो. दुसरा निवृत्त असतो. तो काहीच विचारत नाही, शेजारी उभा राहतो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काळ्या पडद्याकडे बघून सांगतो, “झाकण काढायचं राहिलंय.” काळी काच म्हणजे झाकण नव्हे, हे मी त्याला समजावून सांगतो. तो ऐकून घेतो आणि जाताना पुन्हा म्हणतो, “तरी एकदा बघा काढून.”

वटपौर्णिमेला तर मी मुद्दाम वडाशी जातो. लांब एक्सपोजरची गंमत अशी, की जो चालत राहतो तो फोटोत उमटतच नाही. नटूनथटून सात फेरे घेणाऱ्या सगळ्या बाया गायब होतात आणि खोडाभोवतीचा दोरा तेवढा उरतो. सात जन्मांचा वायदा झाल्याची नोंद आहे, पण करणारं कुणी नाही! हा माझ्या मते माझा सर्वोत्तम फोटो. तो मोठा करून, फ्रेम लावून मी दिवाणखान्यात टांगला. पाहुणे येतात, चहाचा घोट घेतात आणि विचारतात, “काश्मीरला कधी जाऊन आलात?”

आणि मग एक तिसरा प्रश्न येतो. तो विचारणारी माणसं हसत नाहीत. टपरीवाला विचारतो, इस्त्रीवाला विचारतो, शाळेतून परतणारी पोरंसुद्धा विचारतात, “हे झाड तोडणार का?” कारण आमच्याकडे झाडासमोर तीन पायांचं यंत्र घेऊन आजवर जो आला तो मोजणीवाला. त्याच्यामागून बुंध्यावर रंगाने नंबर पडतो, मग नोटीस डकवली जाते, मग रस्ता रुंद होतो. वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ मध्ये त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायची सोय झाली. झाडाला मात्र स्वतःच्या वयाचा दाखला आणता येत नाही. मी गळ्यात कॅमेरा अडकवून, कलावंताच्या ऐटीत उभा असतो आणि समोरच्याला माझ्यात कुऱ्हाडीचा मुकादम दिसतो, याचा मला आधी राग यायचा. आता तो राग बाजूला सरकून दुसऱ्याच कुणावर जाऊन बसला आहे.

चौकातल्या वडावर असाच नंबर पडला. इन्फ्रारेडमध्ये खोड काळपट येतं आणि पांढरा रंग पांढराच राहतो, म्हणून फोटोत पानांइतकाच तो आकडाही झळकत होता. स्कूटरी, बसगाड्या, निवृत्त गृहस्थ, सगळे पुसले गेले होते. नंबर मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे तो स्वच्छ उमटला. सॉफ्टवेअरमध्ये तो खोडून टाकायला मला दोन मिनिटं पुरली असती. चित्र किती सुंदर झालं असतं!

त्या वडाखाली एक मावशी गजरे विकते. नोटिशीवर हरकत घ्यायची म्हणून तिला झाडाचा फोटो हवा होता. मी अभिमानाने माझा फोटो पुढे केला. तिने तो हातभर लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला.

“साहेब, हे आपलंच झाड?”

“हो मावशी. पान निरोगी असलं की असं पांढरं उजळतं.”

“तुम्हाला ठावं. ऑफिसातला माणूस म्हणंल, वाळलंय, पाडा.”

शंभर वर्षांच्या विज्ञानाला इतकं थोडक्यात निकालात काढलेलं मी पाहिलं नव्हतं.

“हिरवं काढा,” ती म्हणाली, “आणि त्यो नंबर दिसू द्या.”

मी लेन्सवरची काळी काच काढायला गेलो, तर ती आट्यांत घट्ट बसलेली. रुमाल गुंडाळून फिरवली, तोंडाने वाफ दिली, निवृत्त गृहस्थांच्या देखत दातही लावून पाहिले. ते म्हणाले, “मी तेव्हाच सांगत होतो.” तोवर मावशीचा मुलगा खिशातून मोबाइल काढून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला होता. पारंब्या, पार, नंबर, नोटीस, आईची गजऱ्यांची टोपली, सगळं चौकटीत घेऊन त्याने मान वाकडी केली.

“काका,” तो तिकडून ओरडला, “जरा बाजूला व्हा. तुमचा स्टँड मधे येतोय.”