श्री. कुसळ यांस

मु. काडेपेटी, देव्हाऱ्याजवळचा कोनाडा,
मच्छे, ता. जि. बेळगाव

स. न. वि. वि.

खोली सोडून गेलेल्या भाडेकरूला मालकाने पत्र घालायची रीत नाही. पण तुम्ही मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार रात्र आमच्या चार वर्षांच्या चिऊच्या तळहातात, अंगठ्याच्या फुगवट्यावर राहिलात. भाडं दिलं नाहीत आणि आळीला झोपू दिलं नाहीत. म्हणून जाहीरच लिहितो.

माझी ओळख करून देतो. मी इथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग मायक्रोमीटरवर वाचायचा, त्यावर आमचं पोट. लोखंडाचे बर आमच्या बोटांत रोज शिरतात आणि चहाच्या सुट्टीत निघतातही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी ऐटीतच होतो. ‘आण गं हात’ म्हटलं. चिऊने मूठ मिटली. जॉब चकमध्ये धरला, चावी फिरवली की तो जागचा हलत नाही. चार वर्षांच्या मुठीला बसेल अशी चावी मात्र आमच्या वसाहतीतल्या एकाही शेडमध्ये मिळाली नाही.

शेवटी गूळ दाखवून मूठ उघडली आणि मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून तुम्हाला वर काढायला गेलो. तिथे माझं चुकलं. दाबल्यावर तुम्ही वर तर आला नाहीतच, टोक मोडून आणखी आत सरकलात. चिऊ अशी किंचाळली की समोरच्या घरातून हाक आली, ‘काय करूलालास रे पोरीला?’

मग सल्लागार जमले. आज्जी म्हणाली, रुईचा चीक लाव, आपोआप वर येतंय. पण तो चीक पोरीने डोळ्याला लावला तर कुसळापरीस डोळ्याचं दुखणं मोठं व्हायचं. मामांनी फोनवरून धनुर्वात काढला. बायकोने लसीचं कार्डच वाचून दाखवलं: 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस झाले, दीड वर्षाचा बूस्टर झाला, पुढचा पाचव्या वर्षानंतर. मामांनी विषय बदलला. एकाने एक्स-रे सुचवला. तुम्ही काच किंवा लोखंड असता तर दिसलाही असता. लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही, हे त्याला सांगेपर्यंत तो रिक्षा बोलवायला निघाला होता.

शेजारच्या अज्जांनी ‘मुळ्ळिनिंद मुळ्ळु तेगीबेकु’ म्हटलं आणि आमच्या आज्जीने त्याच दमात ‘काट्यानं काटा काढावा’ म्हटलं. सीमाप्रश्नावर 1966 साली महाजन आयोग नेमला, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या ओट्यावर मात्र दोन भाषांचं एकमत व्हायला अर्धं मिनिट लागलं. अर्थात, काटा कोणाच्या हाताने काढायचा यावर लगेच फाटलं.

बुधवारी निवृत्त गुरुजी सुश्रुतसंहिता सांगायला आले. शरीरात शिरून सलणारं ते शल्य, आणि ते काढायचे 15 उपाय सुश्रुताने दिलेत. त्यात अयस्कांत, म्हणजे लोहचुंबकही आहे. हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधलं मॅग्नेट खिशात घालून आलो. गुरुजींनी कपाळावर हात मारला, ‘तसं नव्हे ओ, ते लोखंडाला!’ पंधरावा उपाय हर्ष आहे. तो हृदयात रुतलेल्या शोकाच्या शल्यासाठी. तो आम्ही आमच्यासाठी राखून ठेवला.

आता तुमच्या कुळाविषयी. घरात हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही बाहेरदेशी पाइनचे. वर्कशॉपमधलं मशीन ज्या खोक्यातून आलं त्याच्या फळीवर ‘एचटी’ असा शिक्का होता: गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं, कीड मारलेलं लाकूड. तुमच्याइतके चोख कागद सीमाभागात फार थोड्यांकडे असतील. ती फळी मीच घरी आणली, मीच तिची बॅट केली आणि मूठ घासायची राहिली तीही माझीच. तीन दिवस मी मात्र सगळ्यांपुढे कंपाउंडच्या जुन्या फाटकाला शिव्या देत होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ वगैरे म्हण मला ठाऊक आहे. आठवण करून द्यायची गरज नाही.

गुरुवारी रात्री चिऊ झोपली. बायकोने साबणाने हात धुतले, चिऊचा तळहात पुसून घेतला, सुई आणि भुवयांचा प्लकर स्पिरिटने पुसला. मी सुई गॅसवर धरायला निघालो तर म्हणाली, काजळी आत जाईल. माझ्याकडे मोबाईलची बॅटरी धरायचं काम आलं. तिने सुईने वरची कातडी जराशी उसवली, तुमचं टोक मोकळं केलं आणि ज्या तिरक्या वाटेने तुम्ही आत शिरला होतात त्याच वाटेने तुम्हाला बाहेर ओढलं. एकदाच, सावकाश. चिऊने कूस बदलली, एवढंच. मी व्हर्नियर लावून पाहिलं: 4.26 मिलिमीटर.

सकाळी चिऊने तळहात पाहिला आणि तुम्हाला मागितलं. फेकू दिलं नाही. म्हणून हा काडेपेटीचा पत्ता. पाहुणे आले की तुम्हाला दाखवलं जातं.

कळावे, पण लोभ असू नये.

आपला,
मोबाईलची बॅटरी धरणारा

ता. क. बॅटीच्या मुठीवर तुमचे भाऊबंद अजून आहेत. त्यांना निरोप द्या: रविवारी 120 नंबरचा पॉलिश पेपर आणतोय.